आमचं प्रसूतिगृह बंद करणाऱ्या मॅडम

मंडळी, बसा. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे या. सतरंजीवर जागा आहे.

एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. आपल्या गावातली आहेत, दिघ्याच्या वस्त्यांमधली आहेत, पालिकेतली मंडळी आहेत. आणि मॅडमची लेक, सना, समोर बसली आहे. सना, तू आलीस, बरं झालं. तुझ्यासमोर बोलायला मला जड जाणार आहे. पण तू नसतीस तर आणखी जड गेलं असतं.

मला बोलता येत नाही असं मी म्हणणार नाही. मी वंदना पाटील, महिला मंडळाची अध्यक्ष, आणि या माईकवर मी पुष्कळ बोलले आहे. त्यातलं बरंचसं मॅडमच्याच विरोधात बोलले आहे. तेव्हा त्या समोर बसलेल्या असायच्या. माझं बोलणं झालं की त्या उठून उत्तर द्यायच्या. मला त्या उत्तराची सवय होती. आज मी बोलेन आणि समोरून कुणी उठणार नाही. हे मला नीट जमेल असं वाटत नाही. सांभाळून घ्या.

डॉक्टर नसीमा मुकादम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मूळच्या म्हसळ्याकडच्या. पालिकेच्या आरोग्य विभागात मोठ्या हुद्द्यावर होत्या. कुठे दवाखाना काढायचा, कुठला बंद करायचा, पैसा कुठे घालायचा, हे ज्या टेबलावर ठरतं त्या टेबलावर त्या बसायच्या. रिटायर होऊन करंजाड्याला राहायला गेल्या. तिथेच, घरी, गेल्या आठवड्यात त्या गेल्या.

आणि ही शोकसभा कुणी घेतली? ज्या गावाचं प्रसूतिगृह त्यांनी बंद केलं, त्या गावाने. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आपलं प्रसूतिगृह. नाक्यावरची ती पिवळी इमारत. जमीन गावाने दिलेली. खाऱ्या पाण्याच्या खारीतली नाही, चांगली, रस्त्याला लागून. माझी दोन्ही मुलं तिथे झाली. इथे बसलेल्या निम्म्या बायकांची मुलं तिथे झाली. पण खरं बोलायचं तर शेवटी शेवटी तिथे काय राहिलं होतं? भूल द्यायला डॉक्टर नाही. रक्ताची सोय नाही. जरा अडलं की सिस्टर म्हणायच्या, मोठ्या रुग्णालयात न्या. ज्यांच्याकडे पैसे होते त्या आधीच प्रायव्हेटला जायच्या. मग राहिल्या कोण? चाळीतल्या भाडेकरणी, कंपनीत लेबर असलेल्यांच्या बायका, आणि आमच्यासारख्या हट्टी गाववाल्या.

आणि दुसरीकडे किडनीची माणसं. ती तुम्हाला दिसत नव्हती, मला दिसत होती, कारण त्यातला एक माझ्या चाळीत राहत होता. गायकवाडभाऊ. जालन्याकडचे. इथे कंपनीत चांगले होते, मग किडन्या गेल्या. दिवसाआड डायलिसिस. ते कुठे? तर शहराच्या दुसऱ्या टोकाला. बस बदलून, रिक्षा करून, जाताना बायको बरोबर, येताना बायकोच्या खांद्यावर. त्यांची नोकरी गेली. त्यांना न्यायला लागायचं म्हणून बायकोची कामं गेली. मी त्यांना रोज जिना चढताना बघायचे. मधल्या पायरीवर बसायचे. मला बघून हसायचे, म्हणजे मी विचारू नये म्हणून.

मॅडमनी प्रस्ताव मांडला. इमारत एक, नर्सेस तेवढ्याच, पैसा तेवढाच. एकतर प्रसूतिगृह पूर्ण सज्ज करायचं, नाहीतर बंद करून तिथे डायलिसिस करायचं. अर्धं हे आणि अर्धं ते केलं तर दोन्ही नावापुरती राहतील. त्यांनी कौल दिला डायलिसिसच्या बाजूने. गर्भवती बायकांची तपासणी गावातच होईल, बाळंतपण मात्र मोठ्या रुग्णालयात.

आपल्याला कळलं आणि आपण काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. मी स्वतः मोर्चा काढला. मला त्याचं आजही काही वाटत नाही. काढायलाच पाहिजे होता.

आणि मग एक दिवस मॅडम इथे आल्या. बोलावलं नव्हतं. बरोबर साहेब लोक नाहीत, पोलीस नाहीत. रिक्षातून उतरल्या आणि या सभागृहात येऊन, तिथे, खांबापाशी बसल्या. लोक चिडलेले. मागून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, आकडे सांगू नका आम्हाला."

त्या म्हणाल्या, "नाही सांगत. विचारायला आले आहे. हे बंद झालं तर नुकसान कोणाचं होईल, ते मला सांगा. किती जणांचं ते नको. कोणाचं, ते सांगा."

हा प्रश्न आम्हाला कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "फायदा कोणाला होणार ते मला माहीत आहे. ती माणसं माझ्या केबिनबाहेर बाकावर बसलेली असतात. नुकसान ज्यांचं होणार त्या बायकांना अजून दिवससुद्धा गेलेले नाहीत. त्या माझ्याकडे येणार कशा? म्हणून मी आले."

माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. गावात म्हाताऱ्या माणसांना कोणी अडवत नाही, त्या बसल्या जागेवरून बोलल्या. "बाय, कला आल्या का मान्साला येल नसतो. तवा गारी कुटं शोधाची? तू डाक्टर हाइस, तूच सांग."

मॅडमना आमची बोली कळली, कळा आल्यावर गाडी शोधायला वेळ कुठला हेही कळलं. त्या उठून सासूबाईंजवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "मावशी, गाडी इथे नाक्यावर उभी राहील, ड्रायव्हर आणि नर्ससकट. तेवढं मी करते. पण ती दर वेळी वेळेत पोचेल अशी हमी मी देणार नाही. देता येत नाही."

कोणी सांगितलं होतं त्यांना इतकं खरं बोलायला? दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, काळजी करू नका, सगळी सोय होईल. आम्ही शिव्या दिल्या असत्या, पण घरी गेलो असतो. मॅडमच्या त्या उत्तराने लोक जास्त भडकले. आम्हाला हमी हवी होती.

त्यानंतर त्या बऱ्याच वेळा आल्या. दुपारच्या यायच्या, घराघरात जायच्या. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मी पाणी दिलं, चहा विचारला नाही. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा सासूबाईंनी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. मॅडम पाटावर बसून जेवल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे यात कोकम जास्त घालतात. सासूबाई म्हणाल्या, मग तुमच्याकडे चुकतं. दोघी हसल्या. मी हसले नाही. मी मोर्चाची अध्यक्ष होते.

एवढं सगळं ऐकून घेतलं, आणि प्रसूतिगृह बंद केलंच.

कुलूप लागलं त्या दिवशी आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. मॅडम तिथेही आल्या. बाजूला उभ्या राहिल्या. निघताना माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "वंदनाताई, तुम्ही बोलत राहा. बोलणं बंद करू नका." मी म्हटलं, "तुमच्या परवानगीची गरज नाही." त्या म्हणाल्या, "नाहीच आहे."

डायलिसिस सुरू झालं. गायकवाडभाऊ चालत जायला लागले. माझ्या चाळीतून नाक्यापर्यंत, एकटे. त्यांच्या बायकोने पुन्हा कामं धरली. काही दिवसांनी ते माझ्या दारात आले. म्हणाले, "ताई, तुमच्या मोर्चात मी आलो नव्हतो. मनात ठेवू नका." मी त्यांना आत बोलावलं. माझ्या घरासमोरचा माणूस जगायला लागला होता आणि ज्याच्यामुळे जगायला लागला होता त्याच्याविरुद्ध मी घोषणा दिल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुम्ही जगायलाच हवं. मला फक्त दोन्ही हवं होतं." ते म्हणाले, "ते तर मलापण हवं होतं."

आता पुढचं सांगायचं आहे. हे सांगायला मी संगीताला विचारलं आहे. ती म्हणाली, सांगा.

संगीता आपल्या गावातली सून. माझ्या मागच्या गल्लीतली. तिला सकाळी कळा सुरू झाल्या. गाडी नाक्यावर होती, लगेच आली. नर्स बरोबर होती. ड्रायव्हरने काही कमी केलं नाही. पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर एक ट्रेलर आडवा पडला होता, आणि पुढे मागे कुठेच जायला वाट नव्हती. लोक खाली उतरून गाड्या बाजूला करायला लागले. अनोळखी माणसं, पावडर लावून ऑफिसला निघालेली माणसं, सगळी. तरी वाट झाली नाही. मुलगी गाडीतच झाली. ती रडली नाही.

आपल्या पिवळ्या इमारतीत असती तर वाचली असती का? नाळ गळ्याभोवती होती. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. काही जण म्हणतात असती, काही म्हणतात नसती. संगीताला कोणी विचारू नका. तिने ते तिच्याजवळ ठेवलं आहे.

मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या. मी दारात उभी होते. संगीताच्या घरचे काय करतील याची मला भीती होती. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी बाजूला झाले. त्या आत जाऊन संगीताच्या गादीजवळ खाली बसल्या.

संगीताने विचारलं, "मॅडम, तुम्ही फायदा-तोटा काढला होता ना? माझी मुलगी त्यात कुठे धरली होती?"

मॅडम म्हणाल्या, "तोट्यात."

संगीताच्या सासूने हातातला तांब्या खाली ठेवला.

"ती कोण असेल ते मला माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या, "पण अशी एखादी असेल हे मला माहीत होतं. माहीत असताना मी सही केली. ट्रेलरने केलं, रस्त्याने केलं असं मी म्हणणार नाही. निर्णय माझा होता."

संगीताच्या सासूने विचारलं, "मग करा ना परत चालू."

"नाही करणार," मॅडम म्हणाल्या. "डायलिसिस बंद केलं तर आज जी माणसं चालत येतात ती मरतील. त्यांनाही मी ओळखते."

सासूने त्यांना जायला सांगितलं. त्या उठल्या आणि गेल्या. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायलाही गेले नाही. पण मी एक सांगते. माझ्या आयुष्यात मी मंत्री बघितले, साहेब बघितले, बिल्डर बघितले. या शहरासाठी आमच्या जमिनी गेल्या तेव्हा ज्यांनी सह्या केल्या त्यातला एकही माणूस आमच्या घरात येऊन खाली बसला नव्हता.

त्या परत आल्या. तेव्हा संगीता जरा बरी होती. मॅडमनी तिला विचारलं, "तुला काय मिळालं असतं तर हे टळलं असतं?" संगीता म्हणाली, "मला आधीपासूनच तिकडे कुठेतरी ठेवलं असतं तर. रुग्णालयाच्या जवळ. पण तिकडे आमचं कोण आहे?"

एवढं एक वाक्य. मॅडमनी ते धरलं. मोठ्या रुग्णालयाच्या आवारात स्टाफच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. ज्यांचे दिवस भरत आलेत त्या बायकांनी तिथे येऊन राहावं, बरोबर घरातलं एक माणूस आणावं, स्वयंपाकाला ओटा असावा, असं मॅडमनी मांडलं. वरून विचारलं गेलं, याचा फायदा किती? किती बायका येणार? मॅडम संगीताला त्या मीटिंगला घेऊन गेल्या. मीही गेले होते, पण मला बाहेर बसवलं. संगीताने मग मला सांगितलं. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "ताई, किती जणी वापरतील असं तुम्हाला वाटतं?" संगीता म्हणाली, "ते मला काय माहीत? मी वापरली असती."

खोल्या मिळाल्या.

पहिली बाई तिथे जायला तयार होईना. परक्या जागी बाळंतपणाआधी कोण जातं? मॅडम म्हणाल्या, सक्ती करायची नाही. मग दिघ्यातली एक गेली, तिच्या आईबरोबर. मग आणखी. आणि दुसऱ्या खेपेला संगीता गेली. सासूला घेऊन गेली. हो, त्याच सासूला. सासू रोज मला फोन करून सांगायची, इथला ओटा लहान आहे, इथे वारा येत नाही, इथल्या बायकांना भाजी येत नाही. एके दिवशी फोन आला आणि ती काही बोलेचना. मी घाबरले. मग मागून मला बाळाचं रडणं ऐकू आलं.

ती मुलगी आज संगीताच्या मांडीवर बसली आहे. आता ती मांडीवर मावत नाही, पण बसली आहे.

मंडळी, मी मॅडमना मानते म्हणून माझं मत बदललं असं समजू नका. मला आजही वाटतं, आपलं प्रसूतिगृह राहायला हवं होतं. दोन्हीसाठी पैसा नव्हता असं म्हणतात. मग रस्त्याच्या दिव्यांना, कारंज्यांना होता का, हे मी तेव्हाही विचारलं होतं. मॅडम म्हणायच्या, "तो सवाल बरोबर आहे, वंदनाताई, पण ते टेबल माझं नाही. माझ्या टेबलावर जेवढं येतं तेवढ्यातच मला वाटायचं असतं." मी म्हणायचे, "मग त्या टेबलावर जाऊन भांडा." त्या म्हणायच्या, "भांडते. हरते पण." त्या भांडत होत्या हे मला त्यांच्या ऑफिसातल्या लोकांकडून कळलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

शेवटचं सांगते. सना, तुझ्या परवानगीने.

मॅडमना आजार निघाला तेव्हा तो पसरलेला होता. मी करंजाड्याला भेटायला गेले. गच्ची म्हणावी एवढी मोठी बाल्कनी आहे त्यांची, तिथे बसलो. त्यांनी सांगितलं, एक औषध आहे. भयंकर महाग. बरं करणार नाही, थोडे दिवस वाढवेल, आणि तेही नक्की नाही. मला वाटलं, या नको म्हणतील. आयुष्यभर ज्या बाईने हेच केलं, कशाला किती लागतं आणि त्यातून काय मिळतं हे बघितलं, ती नकोच म्हणणार.

त्या म्हणाल्या, "पालिकेत असताना अशा औषधाची फाईल माझ्याकडे यायची. मी नको लिहायचे. तेवढ्या पैशात कितीतरी लहान मुलांचं औषधपाणी होऊन जातं. ते मी बरोबरच लिहायचे."

मी म्हटलं, "मग आता?"

"मला हवंय, वंदनाताई."

त्या लाजल्यासारख्या हसल्या. "काही मोठं कारण नाही. सकाळी चहा पिताना अजून बरं वाटतं. बस, तेवढंच." मग म्हणाल्या, "ज्यांना मी नको लिहिलं त्यांनाही वाटत असेल ना, सकाळच्या चहाला बरं? ते मला कळत होतं. पण असं कळत नव्हतं."

मी विचारलं, "मग तेव्हा चुकलं असं वाटतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "लिहिलं ते बरोबर होतं. त्यांना जे वाटत होतं तेही बरोबर होतं. दोन्ही धरून बसायचं. दुसरं काय करणार?"

त्यांनी ते औषध घेतलं, स्वतःच्या साठवलेल्या पैशातून. त्यांना एक हिवाळा मिळाला. सना सांगते, रोज सकाळी बाल्कनीत बसायच्या. चहा पूर्ण संपत नसे. पण बसायच्या. सना, त्याचा हिशोब कोणी विचारला तर देऊ नकोस. तो तुमच्या दोघींचा आहे.

पालिकेतली मंडळी इथे बसली आहेत. त्यांना मी दुखवायला उभी राहिलेली नाही. तुमच्या टेबलावर उद्या पुन्हा काहीतरी येईल. कोणाला द्यायचं, कोणाचं काढायचं. सगळ्यांना पुरेल एवढं कधीच येणार नाही, हे आम्हालाही समजतं. आम्ही मूर्ख नाही. फक्त ज्याचं काढाल त्याच्या घरी जा. आधी जा आणि नंतरही जा. तिथे तुमचा अपमान होईल. पाण्यावर चहा मिळणार नाही. तरी जा. मॅडमनी हे काम म्हणून केलं, उपकार म्हणून नाही. म्हणून आज हे गाव त्यांना रडतंय आणि त्यांच्याशी भांडणही सोडत नाही.

नसीमा मॅडम, आमच्या गावाचा तुम्हाला सलाम. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी हात जोडले असते आणि वर म्हटलं असतं, कोकम कमी घालत जा. दोन्ही तुमच्यापर्यंत पोचवते.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. मोबाईल बंद करा. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांनी बसूनच राहा, गायकवाडभाऊ, तुम्हीपण. आणि बायांनो, कोणाचं लेकरू मध्येच रडलं तर त्याला घेऊन बाहेर पळू नका. रडू द्या.